थॅलेसेमिया, सिकल सेलच्या मुलांचे दिव्यांग प्रमाणपत्र : सोलापुरात अर्ज करताना डोळ्यांची तपासणीही करून घ्या

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजार त्यांतले तीन. मूल थॅलेसेमिया मायनर किंवा सिकल सेलचे नुसते वाहक (जनुक आहे, आजार नाही) असेल, तर अर्ज करून उपयोग नाही. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते.

अर्ज पालकांनी स्वावलंबन कार्डाच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर भरायचा. मुलाचे आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि निदानाचे रिपोर्ट जोडायचे. सोलापूरकरांनी रुग्णालय म्हणून सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय निवडावे आणि मूळ कागद घेऊन तपासणीला जावे.

अडते ते बहुधा रिपोर्टवर. जन्मानंतर लगेच काढलेल्या कागदावर ‘बेबी ऑफ’ आणि आईचे नाव असते, आधारवर मुलाचे. हे दोन्ही एकाच मुलाचे, हे दाखवायला जन्मदाखला सोबत ठेवा. दुसरी गोष्ट एचपीएलसीची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या रक्ततपासणीची. रक्त चढवल्यावर काही आठवड्यांत काढलेला रिपोर्ट फसवा असतो, कारण त्यात दात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते. पहिले रक्त चढवण्याआधीचा रिपोर्ट शोधा. तो हरवला असेल, तर आईवडिलांचे एचपीएलसी किंवा मुलाची जनुकीय तपासणी कामी येते.

आता डोळे. याकडे फार दुर्लक्ष होते. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात साठलेले लोह उतरवणाऱ्या औषधांनी, विशेषतः डेफेरॉक्सामाइनने, पडद्याला इजा होऊन रात्रीचे कमी दिसणे, रंग ओळखताना गडबड असे त्रास होऊ शकतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी एकदा आणि मग दरवर्षी डोळे आणि कान दोन्ही तपासायचे. सिकल सेलमध्ये वयाच्या 10 व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी पडद्याची तपासणी हवी, दिसायला काही त्रास नसला तरी. डोळ्याला मार लागून आत रक्त साचले, तर सिकल सेलच्या मुलाला वाट पाहत ठेवू नका. त्याच दिवशी नेत्रविभाग गाठा आणि आजार आधी सांगा.

दृष्टीही कमी झाली असेल, तर तीही अर्जात लिहा. दोन दिव्यांगत्वांच्या टक्केवारीची सरळ बेरीज होत नाही : 40 आणि 30 असले, तर मोठ्या आकड्यात 30 × (90 − 40) ÷ 90 मिळवतात, म्हणजे सुमारे 57.

तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. काही तास जवळचे धूसर दिसते, ऊन खुपते. परीक्षेचा दिवस टाळा, टोपी न्या आणि रिक्षाने घरी आणा.