ऑटोव्हॅक्यूम

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेस प्रणालीत टेबलांमधील निरुपयोगी ओळींची जागा पुन्हा वापरण्याजोगी करणारी व क्वेरींच्या नियोजनास लागणारी सांख्यिकी अद्ययावत ठेवणारी व्यवस्था. या प्रणालीत ओळ बदलली तरी जुनी प्रत लगेच पुसली जात नाही. नवी प्रत स्वतंत्र लिहिली जाते आणि जुनी पाहू शकणारे सर्व व्यवहार (ट्रान्झॅक्शन) संपले की ती मृत ठरते. मृत ओळी हटविण्याचे काम व्हॅक्यूम ही आज्ञा करते; ऑटोव्हॅक्यूम ती आपोआप चालवितो.

ऑटोव्हॅक्यूमचा आरंभ कोठे मानावा, याची उत्तरे भिन्न येतात. बर्कली येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या आराखड्यानुसार, व्हॅक्यूमचे काम जुन्या प्रती अभिलेखात हलविण्याचे होते. त्यामुळे त्यास आजच्या व्यवस्थेचा थेट पूर्वज म्हणणे सयुक्तिक वाटत नाही. आवृत्ती ७.४ (२००३) सोबत ऑटोव्हॅक्यूम हा वेगळा जोडप्रोग्राम म्हणून आला, ८.१ (२००५) मध्ये मूळ सर्व्हरमध्ये समाविष्ट झाला, पण सुरुवातीस बंद असे, ८.३ (२००८) पासून तो मुळातच चालू ठेवण्यात आला आणि एकाच वेळी अनेक टेबलांवर काम करू लागला. तांत्रिकदृष्ट्या २००५ हे वर्ष ग्राह्य असले, तरी रात्री क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालविणाऱ्या साधनाद्वारे व्हॅक्यूम चालविण्याची प्रशासकाची नित्याची जबाबदारी खऱ्या अर्थाने ८.३ ने हलकी केली. ८.४ (२००९) मध्ये टेबलांतील मोकळ्या जागेची नोंद ठेवणारा नकाशा डिस्कवर गेल्याने त्याचा आकार हाताने ठरविण्याची दोन सेटिंगही रद्द झाली. जुन्या आवृत्तीची सेटिंग जुळवीत बसण्यापेक्षा आवृत्तीच बदलणे श्रेयस्कर ठरते, ते यामुळेच.

मूळ सेटिंगनुसार मृत ओळींची संख्या ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्के याहून वाढली की सफाई सुरू होते; म्हणजे दहा लाख ओळींच्या टेबलात २,००,०५० हा उंबरठा होय. व्यवहार क्रमांक ३२ बिटांचे असल्याने ते पुन्हा पहिल्यापासून वापरात येण्याचा धोकाही असतो. तो टाळण्यासाठी ८.२ पासून ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवला तरी गरज पडताच सक्तीने चालतो. मात्र दीर्घकाळ उघडा राहिलेला व्यवहार कोणत्याही आवृत्तीत सफाई अडवून धरतो.

पूर्वी आवृत्ती बदलताना सर्व डेटा बाहेर काढून पुन्हा भरावा लागे. ९.० (२०१०) सोबत मिळू लागलेल्या पीजी-अपग्रेड या साधनाने ते टळले. तथापि १८ (२०२५) पूर्वीच्या आवृत्तींमध्ये सांख्यिकी सोबत येत नसल्याने स्थलांतरानंतर ती नव्याने गोळा करणारी ॲनालाइझ ही आज्ञा चालविणे अत्यावश्यक असते.