लॅपटॉपची चकचकीत स्क्रीन: वर काच आहे की फिल्म?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर एक डाग पडला, तो आजही तसाच आहे. स्क्रीन बंद असली की उजव्या कोपऱ्यात दोन बोटं रुंदीचा धुरकट पट्टा दिसतो. झालं एवढंच, की कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी खाता खाता तेलकट बोटं स्क्रीनला लागली. तिनं खिडक्यांच्या काचा पुसायचं लिक्विड थेट स्क्रीनवर फवारलं आणि कपाटातला नवा टॉवेल काढून जोर लावून घासलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आरशासारखी चमकते म्हणजे काचच असणार, असं कुणालाही वाटेल. पण त्या स्क्रीनवर काच नव्हतीच.

चकचकीत स्क्रीन दोन तऱ्हेच्या असतात. एकीत पॅनलच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पाटीच्या, वर खरोखरची काच असते. बहुतेक टचस्क्रीन लॅपटॉप या तऱ्हेचे. अ‍ॅपलच्या मॅकबुकवरही २००८ च्या अखेरीस ही काच आली. दुसरीत आपलं बोट जिथं टेकतं तिथं प्लास्टिकची पातळ फिल्म असते. तिला पोलरायझर म्हणतात. आतून येणाऱ्या प्रकाशातला एकाच दिशेचा भाग पुढं सोडणं हे तिचं काम, आणि ते झालं नाही तर एलसीडीवर चित्रच उमटणार नाही. म्हणजे मोबाईलवर चिकटवतो तसलं, खराब झालं की सोलून टाकायचं कव्हर हे नव्हे. फिल्मवर अगदी पातळ, कडक थर चढवलेला असतो. तो गुळगुळीत ठेवला की स्क्रीन चमकते, मुद्दाम खरखरीत ठेवला की मॅट दिसते. चमक येते ती गुळगुळीतपणामुळं. काच असण्याशी तिचा संबंध नाही.

आपल्याकडे काय आहे हे ओळखायला स्क्रीन बंद करा आणि आधी कडा बघा. काच असेल तर ती बहुधा या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग जाते, काळी चौकटही काचेच्या खालीच दिसते आणि बोट फिरवलं तर कुठं अडत नाही. फिल्म असेल तर भोवतीची प्लास्टिकची चौकट वर उचललेली असते आणि स्क्रीन तिच्या आत किंचित खोल बसलेली असते. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. काचेत ती रेघ सरळ पडते. फिल्ममध्ये कडेला पुष्कळदा जराशी लहरते. दाबून बघू नका. फिल्मच्या स्क्रीनवर दाब थेट पॅनलवर जातो. तरीही शंका राहिली तर फिल्मच आहे असं धरून चाला, काचेचं त्यात काही बिघडत नाही.

फिल्मची खरी भीती रसायनांची. काच पुसायच्या पुष्कळ लिक्विडमध्ये अमोनिया असतो. खिडकीला तो काही करत नाही, पण फिल्मवरचा थर त्यानं धुरकट होऊ शकतो. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तर जवळही आणू नये, ते पुष्कळ प्लास्टिकं विरघळवतं. हँड सॅनिटायझरही नको. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि त्याचा चिकट थर मागं राहतो. अल्कोहोलबाबत प्रत्येक कंपनीचं सांगणं वेगळं असतं. अ‍ॅपल ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या वाइपनं हळुवार पुसायला हरकत घेत नाही, ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला मात्र साफ मनाई करतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल तर मी फिल्मवर पाण्यापुढं जात नाही.

काच रसायनांना जास्त दाद देत नाही, पण तिच्यावरही प्रतिबिंब कमी करणारा थर असू शकतो आणि तो काचेइतका टणक नसतो. शिवाय धूळ. काचेचा कडकपणा मोह्स मापावर साधारण साडेपाच आणि वाळूतल्या क्वार्ट्झचा सात. एक कण कापडाखाली सापडला तर काचेवरही ओरखडा उठतो. म्हणून दोन्ही स्क्रीनवर आधी धूळ कोरडीच, न दाबता झटकून काढायची. पाणी त्यानंतर.

आता टॉवेल. सोलापूरच्या टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला मला दुसरा टॉवेल चालत नाही. पण तो घडतो कसा ते बघा. टेरीला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच, लागतात, एक घट्ट आणि एक सैल. सैल ताण्याचे लूप वर उभे राहतात आणि तेच पाणी पितात. त्याच लुपांत धूळ अडकून बसते, सुताचे तंतूही सुटतात. स्क्रीनला हवं मायक्रोफायबरचं कापड. हातात घेतलं तर ते टॉवेलचंच धाकटं भावंड वाटतं, पण त्याचा तंतू इतका बारीक, की ९,००० मीटर लांबीचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. चांगल्या कापडात हे पॉलिस्टर-नायलॉनचे तंतू फोडलेले असतात आणि त्यांच्या धारदार कडा तेलाचा पापुद्रा उचलून घेतात. टॉवेल तेच तेल पसरवत नेतो. हे कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, तंतूंवर थर चढतो आणि ते तेल उचलेनासं होतं. चष्म्याबरोबर मिळतं ते कापडही चालतं, फक्त ते नुकतंच धुतलेलं असावं.

पाणी नळाचं किंवा बोअरचं घेऊ नका. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वाळल्यावर पांढरे ठिपके सोडतात, आणि चाळिशीपार गेलेल्या आपल्या उन्हाळ्यात थेंब वाळायला वेळ लागत नाही. औषधांच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणा. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, स्क्रीन गार होऊ द्या. कापडाच्या एका कोपऱ्यावर पाण्याचे चार-पाच थेंब टाका. गालाला लावलं तर गार वाटावं, पण ओल उमटू नये, इतकंच ओलसर. वरून खाली हलक्या हातानं पुसा आणि लगेच कोरड्या बाजूनं टिपून घ्या. स्क्रीनवर फवारायचं नाहीच. ओघळ खालच्या कडेला जातो, चौकटीच्या फटीतून आत ओढला जातो, आणि बहुतेक पॅनलची सर्किटची पट्टी नेमकी तिथंच असते.

भाचीच्या स्क्रीनवरचा पट्टा पुसून जाणारा नाही, कारण तिथला थरच गेला आहे. बाकीची स्क्रीन ती आता अशीच पुसते, आणि त्या पट्ट्याला हात लावत नाही.