अमेरिकेतील सुरुवातीच्या मुष्टियुद्ध, कुस्ती व फुटबॉलमधील पंच

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साधारण १९४० पर्यंत अमेरिकेतील मुष्टियुद्ध, व्यावसायिक कुस्ती आणि अमेरिकन फुटबॉल या खेळांत सामना चालवणारे, नियमभंग ठरवणारे व निकाल देणारे अधिकारी. खेळानुसार आणि काळानुसार त्यांना रेफरी, अंपायर, जज, टाइमकीपर, लाइन्समन अशी नावे होती. तिन्ही खेळ झोंबाझोंबीचे. पहिल्या दोहोंवर पैजेचा पैसा उघडपणे लागत असे आणि तिसऱ्यात विद्यापीठांची प्रतिष्ठा पणाला लागे, त्यामुळे पंचाच्या एका शब्दावर बरेच काही अवलंबून असे.

पंचगिरीची मूळ चौकट तिन्हीकडे सारखीच आढळते: प्रत्येक बाजूचा एक माणूस आणि त्या दोघांचे पटले नाही तर तिसरा. ही रीत इंग्लंडमधून आली. लंडनचा मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये सात नियम घालून दिले. त्यांतील एका नियमानुसार मंचावर चढलेल्या दोघा लढवय्यांनी हजर असलेल्या सभ्य गृहस्थांमधून दोन अंपायर निवडायचे आणि अंपायरांचे एकमत झाले नाही तर त्यांनीच तिसरा नेमायचा. जमलेल्या मंडळींत दोन्ही बाजूंच्या विश्वासाचा माणूस सापडतोच, हे त्यामागचे गृहीत. पैजा वाढल्या, प्रेक्षक हजारोंनी येऊ लागले आणि हे गृहीत टिकेनासे झाले. पंच कोणी नेमायचा, त्याच्या पाठीशी कोणी उभे राहायचे आणि त्याचे चुकले तर दाद कुठे मागायची, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक खेळाने आपापल्या परीने शोधली. कुस्तीला ती शेवटपर्यंत सापडली नाहीत.

मुष्टियुद्ध

उघड्या मुठींच्या लढती १८३८ च्या ‘लंडन प्राइझ रिंग’ नियमांनी होत. एक गडी खाली पडला की फेरी संपे. त्याला तीस सेकंदांची विश्रांती मिळे आणि मग ठरावीक आठ सेकंदांत रिंगणाच्या मधल्या रेघेपाशी येऊन उभे राहावे लागे. दोन्ही बाजूंचे अंपायर तक्रारी करत आणि रेफरी त्यांचा निवाडा करी. गर्दी आवरण्याचे मात्र कोणतेच साधन त्याच्याकडे नव्हते. १७ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडमधील फार्नबरो येथे इंग्लिश टॉम सेयर्स आणि अमेरिकन जॉन हीनन यांची लढत झाली. रेफरी होते ‘बेल्स लाइफ इन लंडन’ या क्रीडापत्राचे संपादक फ्रान्सिस डाउलिंग. दोन तास उलटून गेल्यावर लोक दोर तोडून आत घुसले, रेफरीचा ताबा सुटला आणि शेवटी लढत अनिर्णित ठरवून दोघांनाही पट्टे द्यावे लागले.

अमेरिकेतील उघड्या मुठींची शेवटची मोठी लढत ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात झाली. अशा लढती बेकायदा असल्याने जागा शेवटपर्यंत गुप्त ठेवली होती आणि प्रेक्षक न्यू ऑर्लिन्सहून खास गाड्यांनी आले होते. रेफरी होते न्यू ऑर्लिन्सचे जॉन फिट्झपॅट्रिक, जे पुढे त्याच शहराचे महापौर झाले. घड्याळ पाहणारेसुद्धा दोन्ही बाजूंचे वेगवेगळे होते. किलरेनच्या बाजूने पश्चिमेकडचा प्रसिद्ध बंदूकबाज बॅट मास्टरसन वेळ मोजत होता. कडक उन्हात ७५ फेऱ्या झाल्यावर किलरेनच्या साथीदारांनी हार मानली. पोलीस लढत थांबवण्यासाठी येण्याची शक्यता असताना, दोन्हीकडच्या पैजा लागलेल्या जमावापुढे रेफरीला उभे राहावे लागे. म्हणूनच गावातला वजनदार, धीट माणूस त्या जागेसाठी लागत असे आणि नियमांची जाण हा गुण त्यानंतर येई.

१८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी हे काम पालटले. हे नियम जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी लिहिले आणि त्यांना मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी यांचे नाव मिळाले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, हातमोजे आणि पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद, अशी मांडणी झाली. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबात रेफरी दोरांबाहेर खुर्चीवर बसून सूचना देई. अमेरिकेत तो दोरांच्या आत, दोघा गड्यांच्या शेजारी वावरू लागला. मिठी सोडवणे, फाऊल पकडणे, आकडे मोजणे आणि फेऱ्या ठरलेल्या असतील तर विजेता सांगणे, ही सगळी कामे त्या एकाच माणसाकडे आली. इतकी सत्ता एका हाती आली की ती विकत घेण्याचा मोह होणारच.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २ डिसेंबर १८९६ चे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेकॅनिक्स पॅव्हिलियनमध्ये बॉब फिट्झसिमन्स आणि टॉम शार्की यांची दहा हजार डॉलरची लढत होती. रेफरीच्या नावावर दोन्ही व्यवस्थापकांचे एकमत होईना, म्हणून आयोजक क्लबाने वायट इअर्प याला नेमले. ॲरिझोनातील टूमस्टोन गावात झालेल्या बंदुकीच्या चकमकीमुळे हा माजी पोलीस अधिकारी पश्चिमेकडे ठाऊक होता; देशभर त्याचे नाव पसरले ते या लढतीनंतर. इअर्प रिंगणात उतरला तेव्हा त्याच्या कोटाखाली पिस्तूल असल्याचे पोलीस अधिकाऱ्याच्या लक्षात आले आणि ते त्याच्याकडून काढून घेण्यात आले. आठव्या फेरीत फिट्झसिमन्सने शार्कीला लोळवले. इअर्पने तो ठोसा कमरेखाली बसल्याचे सांगून विजय शार्कीला दिला. बहुतेक प्रेक्षकांना फाऊल दिसलाच नव्हता. फिट्झसिमन्सने बक्षिसाची रक्कम अडवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने ठरवले की अशी लढतच कायद्यात बसत नाही, तेव्हा तिच्या पैशांचा निवाडा न्यायालय करणार नाही. इअर्पला दंड झाला तो फक्त लपवून पिस्तूल बाळगल्याबद्दल, पन्नास डॉलर.

इअर्पने लबाडी केली की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात. माझ्या मते त्या प्रकरणात लक्ष द्यावे असे काही असेल तर ते न्यायालयाचे उत्तर आहे. खेळच बेकायदा असेल तर त्यातील पंचाला जाब विचारणारे कोणी उरत नाही.

पुढच्याच वर्षी, १७ मार्च १८९७ रोजी, नेवाडाने नुकतीच कायदेशीर केलेली फिट्झसिमन्स-कॉर्बेट लढत कार्सन सिटीत झाली. शिकागोचे पत्रकार जॉर्ज सायलर रेफरी होते. या लढतीचे संपूर्ण चित्रीकरण झाले आणि ते गावोगाव दाखवले गेले. सायलर यांचे निर्णय हजारो अनोळखी लोक पुन्हा पाहून तपासू शकत होते, असे तोवर कोणाही पंचाच्या वाट्याला आले नव्हते. सायलर यांच्यासारखे जाणते पत्रकार त्या काळात रेफरी म्हणून आवडते असत, कारण त्यांना खेळ कळे आणि त्यांचे नाव रोज छापले जात असल्याने ते जपण्याची त्यांना गरजही असे. तरी सोय म्हणून आयोजकानेच रेफरी होण्याची उदाहरणे घडत राहिली. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॅक जॉन्सन आणि जेम्स जेफ्रीज यांच्या लढतीत आयोजक टेक्स रिकार्ड स्वतः रेफरी होता. कृष्णवर्णीय जॉन्सनने गोऱ्या जेफ्रीजला पंधराव्या फेरीत हरवले आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी वांशिक दंगली उसळल्या. त्या दिवशी निकालाबद्दल शंका घेण्यासारखे काही नव्हते, हे त्या रेफरीचे नशीब.

निर्णय विकला जातो, तर निर्णयच नको, असा उपाय काही राज्यांनी केला. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ या काळात लागू असलेल्या फ्रॉली कायद्याखाली, कोणी गारद झाला नाही तर रेफरीने विजेता जाहीर करायचा नसे. पैजा मात्र थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत वार्ताहर ज्याला विजेता म्हणत त्याच्यावर हिशेब चुकते होऊ लागले. म्हणजे पंचाची जागा वार्ताहराने घेतली आणि त्याच्यावर तर कोणताच नियम लागू नव्हता. १९२० च्या वॉकर कायद्याने ही अवस्था संपवली. आयोग, परवाने आणि रेफरीबरोबर रिंगणाबाहेर दोन जज, अशी व्यवस्था न्यूयॉर्कमध्ये आली आणि इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. या आयोगाच्या प्रमुखपदी लवकरच विल्यम मल्डून आले. ते एके काळचे ग्रीको-रोमन कुस्तीचे विजेते आणि १८८९ च्या लढतीसाठी सलिव्हनला तयार करणारे वस्ताद.

नियम पक्के झाले तरी वाद संपले नाहीत. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत सातव्या फेरीत जॅक डेम्पसीने जीन टनीला खाली पाडले. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जाईपर्यंत आकडे मोजायचे नाहीत, असा नियम होता. डेम्पसी जवळच उभा राहिला, म्हणून रेफरी डेव्ह बॅरी यांनी आधी त्याला कोपऱ्यात पाठवले आणि मग एकपासून मोजायला सुरुवात केली. टनी नऊवर उठला आणि गुणांवर जिंकला. तो प्रत्यक्षात तेरा-चौदा सेकंद खाली होता. बॅरी यांनी नियम अक्षरशः पाळला होता, तरी आयुष्यभर लोकांनी त्यांना त्याच क्षणाबद्दल विचारले.

कुस्ती

‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ पद्धतीत दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकले की चीत. ते टेकले की नाही हे पाहायला रेफरीला गुडघ्यांवर बसावे लागे, आणि प्रेक्षकांपैकी जवळजवळ कोणालाच तो पाहतो ते दिसत नसे. बॉक्सिंगमधला ठोसा लांबून कळतो, पण खांद्याखालची बोटभर जागा जवळच्यालाच कळते. त्यामुळे कुस्तीत रेफरीवर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट यांच्यात जगज्जेतेपदाची कुस्ती झाली, रेफरी होते शिकागोचे क्रीडापत्रकार एड स्मिथ. गॉचने अंगाला तेल चोपडले आहे, त्याला गरम पाण्याने आंघोळ करायला पाठवा, अशी मागणी हॅकनश्मिटने केली. तेल असेल तर ते सुरुवातीलाच दाखवून द्यायला हवे होते, असे सांगून स्मिथ यांनी ती फेटाळली. दोन तासांच्या झुंजीनंतर हॅकनश्मिटने हार पत्करली आणि नंतर नियमबाह्य डावांच्या तक्रारी करत राहिला. अंग तपासण्याचे काम कोणाचे हे आधी ठरलेलेच नसेल, तर स्मिथ यांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि खेळाच्या दृष्टीने अपुरे होते. ४ सप्टेंबर १९११ रोजी कॉमिस्की पार्कवर दोघांची पुन्हा गाठ पडली तेव्हाही स्मिथच रेफरी होते. या वेळी हॅकनश्मिट दुखऱ्या गुडघ्याने उतरला आणि फार वेळ टिकला नाही.

कुस्तीवरचा विश्वास मात्र बाहेरूनच पोखरला जात होता. आयोवातील काउन्सिल ब्लफ्स येथून जॉन मॅब्रे याची टोळी ठरवून केलेल्या कुस्त्या, मुष्टियुद्धे आणि शर्यती यांत श्रीमंत सावजांना पैसे लावायला भाग पाडून लुटत असे. १९१० मध्ये तिच्यावर खटला चालला तो टपालाद्वारे फसवणूक केल्याचा, कारण कुस्तीचा निकाल आधी ठरवणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. १९२० च्या दशकात व्यावसायिक कुस्तीतील निकाल आधीच ठरवण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. रेफरी गादीवर राहिला, त्याचे हावभावही राहिले, पण निवाडा त्याच्या हातून गेला.

फुटबॉल

विद्यापीठांनी १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे एकत्र येऊन रग्बीच्या धर्तीवर नियम ठरवले, तेव्हा प्रत्येक संघाचा एक जज आणि वर एक रेफरी अशी व्यवस्था झाली. जज लवकरच आपापल्या संघाचे वकील बनले. प्रत्येक खेळीनंतर हुज्जत घालणे हेच त्यांचे काम झाले आणि दर वेळी निर्णय रेफरीवर येऊन पडू लागला. १८८२ मध्ये ठरावीक प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याचा नियम आला, मैदानावर रेघा आखाव्या लागल्या आणि मोजमापाचे नवे काम वाढले. १८८५ च्या सुमारास जज काढून टाकले गेले. त्या दशकाच्या उत्तरार्धात रेफरीच्या जोडीला अंपायर आला. रेफरीने चेंडूवर लक्ष ठेवायचे आणि अंपायरने माणसांवर, ही विभागणी खेळाला फार उपयोगी ठरली, कारण मारामारी नेहमी चेंडूपासून दूर होत असे. १८९४ मध्ये लाइन्समनची भर पडली.

तरीही हाणामाऱ्या थांबल्या नाहीत. हार्वर्डने १८८५ च्या हंगामात खेळ बंद ठेवला होता. १८९४ मध्ये स्प्रिंगफील्डला झालेल्या हार्वर्ड-येल सामन्यात इतके खेळाडू जखमी झाले की दोन्ही संघ त्यानंतर १८९७ पर्यंत एकमेकांशी खेळले नाहीत. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ स्वच्छ करण्यास बजावले. त्याच हंगामातील हार्वर्ड-येल सामन्यात हार्वर्डचा फ्रान्सिस बर झेल घेत असताना येलच्या खेळाडूने त्याला जोरात धडक दिली, आणि अंपायर पॉल डॅशील यांनी फाऊल दिला नाही. डॅशील हे नियम समितीचे सदस्य आणि नौदल अकादमीत रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हार्वर्डचे माजी विद्यार्थी असलेल्या रूझवेल्ट यांनी त्यांची अकादमीतील बढती काही महिने रोखून धरली. एका न दिलेल्या फाऊलची शिक्षा देशाच्या अध्यक्षाने पंचाच्या नोकरीवर द्यावी, हे मला अजिबात योग्य वाटत नाही. डॅशील यांच्या चुकीपेक्षा हे अधिक गंभीर होते.

डिसेंबर १९०५ मध्ये न्यूयॉर्कला ६२ संस्था जमल्या आणि त्यातून निघालेली संघटना १९१० पासून एनसीएए (नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन) म्हणून ओळखली जाऊ लागली. १९०६ मध्ये पुढे चेंडू फेकण्याची मुभा, दोन फळ्यांमध्ये मोकळी पट्टी आणि तीन प्रयत्नांत दहा यार्ड असे नियम आले. खेळ मैदानभर पसरला, तसे पुढच्या वर्षांत पंचही वाढले. नियमभंग दाखवण्यासाठी पंच बराच काळ भोंगा वाजवत. गर्दीच्या गोंगाटात तो ऐकू येत नसे. यंग्सटाउन महाविद्यालयाचे प्रशिक्षक ड्वाइट बीड यांनी १७ ऑक्टोबर १९४१ च्या सामन्यात पंचांना फेकण्यासाठी कापडी निशाणे दिली. ती त्यांच्या पत्नीने जुन्या कपड्यांतून शिवली होती.

पंचाचा निर्णय किती अंतिम असतो याचा कस त्याआधी एक वर्ष लागला होता. १६ नोव्हेंबर १९४० रोजी डार्टमथ ३-० ने पुढे असताना अखेरच्या सेकंदांत कॉर्नेलने गुण मिळवून सामना ७-३ ने जिंकला. रेफरी रेड फ्रीसेल यांच्या मोजणीत एक प्रयत्न निसटला होता आणि कॉर्नेलला चारऐवजी (१९१२ पासून तीनचे चार प्रयत्न झाले होते) पाच प्रयत्न मिळाले होते. सामन्याची फिल्म पाहिल्यावर फ्रीसेल यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. नियमांनुसार संपलेल्या सामन्याचा निकाल बदलण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. कॉर्नेलने तार पाठवून विजय सोडला, डार्टमथने तो स्वीकारला आणि नोंदीत ३-० हा निकाल लागला.