दगडी पाला आला कुठून?

खुरपताना विळा बोटाला लागला की आजी आधी बांधाकडे वळायची. चार पानं खुडायची, तळहातावर चोळायची, हिरवा रस जखमेवर पिळायची आणि चोथा वर दाबून धरायची. झोंबायचं खूप, पण रक्त थांबायचं. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शिवारात त्याला दगडी पाला म्हणतात. कुठे एकदांडी, कुठे कंबरमोडी.

हे औषध ऋषिमुनींपासून चालत आलंय, असं मला लहानपणी वाटायचं. पण हे झाड मूळचं मेक्सिको आणि उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. ट्रायडॅक्स प्रोकम्बन्स हे त्याचं शास्त्रीय नाव, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेलं. चरक-सुश्रुतांच्या काळात ते भारतात नव्हतंच. म्हणजे रानात राबणाऱ्या माणसांनी एक अनोळखी तण पाहिलं, चोळून जखमेवर लावलं, गुण आला तसं शेजाऱ्याला सांगितलं. पोथीत नसलेलं हे औषध त्यांनी स्वतःच्या अनुभवाने शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या चढावर रस्त्याच्या कडेला हे भरपूर आहे. एक फूल तोडून भिंगाखाली धरा. वीतभर लांब, केसाळ, बिनपानांचा दांडा आणि टोकाला एकच फूल, म्हणून एकदांडी. खरं तर ते एक फूल नव्हेच. झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं असल्याने तो पुष्पकांचा, म्हणजे बारीक फुलांचा, गुच्छ आहे. कडेची साधारण पाच पांढरट ‘पाकळ्या’ म्हणजे पाच स्वतंत्र पुष्पकं, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. मधली पिवळी नळीसारखी पुष्पकं वेगळीच. प्रत्येक पुष्पकातून एक बारीक काळपट फळ तयार होतं आणि त्याच्या डोक्यावर पिसासारख्या केसांचा झुबका असतो. वाळलेल्या गुच्छावर फुंकर मारली की कळतं, हे झाड बांधाबांधावर कसं पोचलं. शिवाय जमिनीवर लोळणाऱ्या खोडाला पेऱ्यापाशी मुळं फुटतात, त्यामुळे नुसतं वरवर खुरपून ते जात नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने तर त्याला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय.

पानांत टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड गटातली द्रव्यं आहेत. टॅनिनमुळे प्रथिनं आकसून घट्ट होतात. रक्त थांबण्यामागचं ते एक कारण असावं. उंदरांवरच्या प्रयोगांत पानांच्या अर्काचा जखम भरण्यावर चांगला परिणाम दिसलाय. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या मात्र व्हायला हव्यात.

माक्याशी याची गल्लत होते, तेवढी टाळा. माका ओलसर जागी वाढतो, त्याची पानं अरुंद आणि फूल पांढरं, बारीक पुष्पकांचं असतं. दगडी पाल्याची पानं रुंद, खरखरीत आणि खोल दातेरी.

धनुर्वाताचं मात्र विसरू नका. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात आणि हवा न लागणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात. बांधावरच्या पाल्याला माती लागलेलीच असते. खोल जखमेवर तो दाबून बांधणं म्हणजे जंतूंना आयती जागा करून देणं. मागच्या सुगीत माझा अंगठा कापला, तेव्हा आधी नळाखाली धरला, मग दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. घरी आलो तर आईने दगडी पाला धुऊन ताटलीत काढून ठेवला होता.