सरकवलेल्या बटणाचे स्पर्शक्षेत्र

मोबाइल अ‍ॅपमधील बटणाच्या ज्या भागावर टॅप केले असता ते प्रतिसाद देते, त्या भागाला त्याचे स्पर्शक्षेत्र म्हणतात. नॅव्हिगेशन बारमध्ये (पडद्याच्या वरची पट्टी) किंवा टॅब बारमध्ये (खालची पट्टी) स्वतः घडवलेले बटण नेमल्या जागेवरून सरकवले, की दिसणारे बटण आणि त्याचे स्पर्शक्षेत्र यांची फारकत होऊ शकते. टॅब बारच्या मध्यभागी वर उचललेले गोल ‘प्लस’ बटण हे याचे नेहमीचे उदाहरण होय : बारच्या आतला भाग चालतो, बाहेर डोकावणारा भाग मात्र मुका राहतो.

आयओएसमध्ये बटण रेखाटणे आणि स्पर्श कोणाचा हे ठरवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. स्पर्शाचा मालक शोधताना ‘हिटटेस्ट’ ही पद्धत विंडोपासून (सर्वांत बाहेरची चौकट) खाली उतरत प्रत्येक व्ह्यूला (पडद्यावरचा आयताकृती घटक, ज्याच्या पोटात इतर घटक असू शकतात) स्पर्शाचा बिंदू त्याच्या चौकटीत आहे का हे विचारते, आणि वरच्या व्ह्यूने नकार दिला की त्याच्या पोटातील बटणापर्यंत चौकशी पोहोचतच नाही. रेखाटनाला ही अट नसते. चौकटीबाहेरचे चित्र कापणारी ‘क्लिप्स टू बाउंड्स’ ही सोय बंद असेल तर बटण चौकटीबाहेरही दिसते. म्हणून दोष बहुधा बटणात नसून त्याला सामावणाऱ्या व्ह्यूत असतो, आणि बटणाच्याच कोडमध्ये तो शोधण्यात वेळ वाया जातो.

यावर उपाय म्हणून टॅब बारचा उपवर्ग (मूळ कोडवर बेतलेली सुधारित आवृत्ती) करून त्यात ‘पॉइंट इनसाइड’ (बिंदू आपल्या चौकटीत आहे का याचे उत्तर देणारी पद्धत) नव्याने लिहितात, बिंदूचे रूपांतर बटणाच्या निर्देशांकांत करतात आणि बारबाहेरचा बिंदू बटणात पडत असेल तरच होकार देतात. सरसकट होकार दिल्यास बारच्या बाहेर, वरच्या बाजूला दिसणाऱ्या मजकुराचे टॅप गिळले जातात. बार किंवा बटण लपवलेले असतानाही होकार देणे तितकेच चूक. बटण बारऐवजी टॅब कंट्रोलरच्या (टॅब बार आणि त्याचे पडदे सांभाळणारा घटक) मुख्य व्ह्यूत ठेवणे हा पर्याय अनेकदा अधिक सरळ ठरतो.

अँड्रॉइडवर पोटातील घटकांचे चौकटीबाहेरचे चित्र कापणारी ‘क्लिप चिल्ड्रन’ ही सोय बंद केल्याने फक्त रेखाटन बाहेर येते, स्पर्श येत नाही. स्पर्शक्षेत्र वाढवण्याचे साधन असलेला ‘टच डेलिगेट’देखील पालक व्ह्यूच्या (बटणाला सामावणाऱ्या व्ह्यूच्या) हद्दीतच क्षेत्र वाढवतो. तेथील जुन्या व्ह्यू ॲनिमेशनमध्ये तर बटणाचे केवळ चित्र सरके आणि स्पर्शक्षेत्र मूळ जागीच राही, अँड्रॉइड ३.० (२०११) मध्ये आलेल्या प्रॉपर्टी ॲनिमेशनमध्ये व्ह्यूचे स्थान खरोखर बदलते आणि स्पर्शही त्याच्यासोबत जातो. रिॲक्ट नेटिव्ह या दोन्ही प्रणालींसाठी ॲप बनवण्याच्या चौकटीतील ‘हिटस्लॉप’ या स्पर्शक्षेत्र वाढवणाऱ्या गुणधर्मालाही पालक व्ह्यूची हीच मर्यादा आहे.

क्षेत्र दुरुस्त करताना ॲपल किमान ४४ × ४४ पॉइंट, तर गूगल ४८ × ४८ डीपी इतका आकार सुचवते (पॉइंट आणि डीपी ही पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारी मापे आहेत).