हिरवा दिवा कोणासाठी?

लॉस एंजेलिसच्या अनेक चौकांत सिग्नलच्या अलीकडे डांबर कापून पुन्हा बुजवल्याच्या काळ्या खुणा दिसतात. त्यांच्याखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते. वर गाडी आली की तिच्या धातूमुळे वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्याची वर्दी महापालिकेच्या संगणकाला मिळते; त्यावरून तो सिग्नलांच्या वेळांचा मेळ घालतो. १९८४ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने सुरू झालेली ही यंत्रणा २०१३ पर्यंत शहरातल्या सुमारे साडेचार हजार सिग्नलांपर्यंत पोहोचली. अभियांत्रिकी म्हणून हे काम निःसंशय मोठे. कोंडी मात्र हटली नाही.

याचे कारण यंत्रात नसून माणसांच्या वागण्यात आहे. रस्ता मोकळा झाला, की कोंडीला कंटाळून वेळ बदललेले, आडवाटेने जाणारे किंवा घरीच थांबणारे लोक पुन्हा त्याच रस्त्यावर येतात. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले, की मार्गिकांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. याच शहरातल्या ४०५ क्रमांकाच्या महामार्गावर शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्चून २०१४ मध्ये नवी मार्गिका खुली झाली, तरी गर्दीच्या वेळी प्रवास काही लवकर उरकेना. सिग्नलचा मेळ घालणे म्हणजेही एका अर्थी रस्ता रुंद करणेच.

तेच वेटोळे बससाठी वापरले, तेव्हा निकाल वेगळा लागला. २००० मध्ये विल्शर आणि व्हेंचुरा बुलेवार्डवर सुरू झालेल्या जलद बसच्या पोटाशी ओळखीचा संकेत पाठवणारा एक छोटा प्रक्षेपक बसवलेला होता. बस वेटोळ्यावरून जाताच संगणक तिला ओळखे आणि गरज असेल तर हिरवा दिवा काही सेकंद लांबवी. कमी थांबे आणि ही सवलत मिळून प्रवासाचा वेळ सुमारे एक चतुर्थांशाने घटला. संगणक तोच, फक्त गाड्यांऐवजी माणसे मोजली गेली.

दक्षिणेकडच्या लाँग बीच शहराला जाणारी विजेवरची जुनी आगगाडी १९६१ मध्ये बंद झाली आणि १९९० मध्ये बऱ्याच अंशी त्याच मार्गावर नवे रूळ टाकून पुन्हा सुरू झाली. वॉशिंग्टन बुलेवार्डवर ही गाडी रस्त्याच्या मधोमध धावते आणि डबे भरून प्रवासी असतानाही कित्येकदा लाल दिव्याला उभी राहते, समोरून एकेकटा चालक बसलेल्या मोटारी निघून जाईपर्यंत.