प्रवाळ मरतं ते विषाने की जंतूंनी?

माशाच्या अंगावर असतो तसा बुळबुळीत थर प्रवाळाच्याही अंगावर असतो. त्यात असंख्य जिवाणू एरवी गुण्यागोविंदाने नांदतात. दूषित पाण्यात प्रवाळ का मरतं, याचा शोध फिरून फिरून या थराशीच येतो.

राल्फ मिचेल आणि इलान चेत या संशोधकांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रवाळ ठेवलेल्या पाण्यात त्यांनी कच्चं तेल, फॉस्फेट, आपले द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तो मोरचूद, असं काही ना काही अगदी कमी मात्रेत घातलं. प्रवाळाच्या अंगावरची बुळबुळ वाढली, तिच्यात जिवाणू माजले आणि प्रवाळ मेलं. पण त्याच पाण्यात प्रतिजैविकं मिसळली तेव्हा ते जगलं. रसायन तेच, मात्रा तीच! जीव घेतला होता जिवाणूंनी. रसायनाने त्यांना रान मोकळं करून दिलं होतं. घातलेल्या पदार्थांत द्राक्षशर्कराही होती, आणि मला तोच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. साखरेला कोण विष म्हणेल? पुढे २००६ साली पनामातल्या बोकास देल तोरोमधल्या प्रयोगांतही तेच दिसलं: पाण्यात साखर वाढली की बुळबुळीतल्या जिवाणूंच्या वाढीचा वेग दहापटीच्या घरात जातो.

दरम्यान अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९९६ पासून, ‘की वेस्ट’ बेटाजवळ, रुंद शिंगांसारख्या फांद्यांच्या ‘ॲक्रोपोरा पाल्माटा’ प्रवाळावर पांढरे चट्टे उठू लागले. चट्ट्याखाली उरे तो नुसता सांगाडा. काही वर्षांत तिथलं या जातीचं ७० टक्क्यांहून जास्त जिवंत आच्छादन गेलं. २००२ साली कारण सापडलं, ‘सेराशिया मार्सेसेन्स’: माणसाच्या आतड्यातही आढळणारा जिवाणू. २०११ मध्ये सांडपाण्यातून वेगळा केलेला हाच जिवाणू प्रवाळाला लावला, तर काही दिवसांतच रोग उमटला. माणसाच्या मैल्यातून समुद्री जीवाला रोग होतो, याचा इतका थेट पुरावा तोवर नव्हता.

लोकांपर्यंत मात्र पोहोचलं ते सनस्क्रीन. इटलीच्या रोबर्तो दानोव्हारो यांच्या गटाने २००८ साली दाखवलं की सनस्क्रीनमधल्या काही रसायनांमुळे प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळांमधले सुप्त विषाणू जागे होतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. प्रयोगातली मात्रा समुद्रातल्यापेक्षा बरीच जास्त होती, असा आक्षेप आला, आणि तो रास्त होता. तरीही अमेरिकेच्या हवाई राज्याने २०१८ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनची खुली विक्री थांबवली.

त्याच हवाईत ८० हजारांहून जास्त शोषखड्ड्यांतून कच्चा मैला जमिनीत झिरपतो आणि भूजलावाटे किनाऱ्याला लागतो. ते बदलण्यासाठी २०१७ च्या कायद्याने दिलेली मुदत २०५० पर्यंतची आहे.